एका डोळ्यानं झोपणारं बदक

ए, आधी ऐक तर! कॉफी नंतर ओत, ती कुठे पळून जात नाहीये. आणि मध्ये मध्ये "मग? मग?" करू नकोस, मी सांगणारच आहे सगळं.

ऑड्रा टल आहे ना, खेकडे सोलायच्या कारखान्यात खिडकीपाशी बसते ती? वीस वर्षांची, केस कायम पेन्सिलीनं वर खोचलेले. तर तिची एक खोड आहे. तिला सगळं दिसतं. आणि दिसलं की तिच्या तोंडातून बाहेर पडतं. तोंडात तीळ म्हणून भिजत नाही! गेल्या वर्षी चर्चमध्ये पाद्रींच्या बायकोला, भर गर्दीत, "अय्या, तुमच्या टोपीवरचं फूल तेच का गेल्या वर्षीचं? उलटं लावलंत म्हणून ओळखलंच नाही!" चुलतभावाच्या लग्नात नवऱ्यामुलालाच, "अरे, तुझ्या कोटाचं खालचं बटण वरच्या बटणांपेक्षा नवीन कसं? पोट सुटलं का रे?" तिची आई म्हणते, हिच्या डोळ्यांच्या आणि तोंडाच्या मध्ये देवानं एक फाटक बसवायला हवं होतं, तो विसरला.

आता मिस अर्लीन. आमच्या हेरन नेक गावात म्हाताऱ्या बाईला 'मिस'च म्हणायचं, मग तिचं लग्न झालेलं असो, मोडलेलं असो, नाहीतर दोन्ही. मिस अर्लीन म्हणजे लाकडी बदकांची देवता. खाडीच्या या काठावर जी जी माणसं पाण्यात नकली बदकं सोडून शिकारीसाठी खरी बदकं उतरवतात, त्यांच्यातल्या निम्म्यांकडे तिच्याच हातचं बदक असतं. चाळीस वर्षं कोरतेय बाई. पण आता हात थरथरायला लागलेत. म्हणून या हिवाळ्यात तिनं ठरवलं, आपल्या कोरकामाच्या शेडमधलं दुसरं बाक कुणालातरी द्यायचं. एकालाच. शिकवायचं, हत्यारं द्यायची, पुढे शेडसुद्धा त्याच्याच हवाली करायची.

आणि ऑड्राला ते बाक हवं होतं. किती हवं होतं सांगू? तिनं एकदा खिडकीतून आत बघून त्या बाकाच्या कडेला पडलेल्या खाचा मोजल्या होत्या. रोज आठ तास खेकड्याच्या नांग्या फोडायच्या, घरी येऊन लिंबानं हात घासायचे, तरी वास जात नाही. मिस अर्लीनच्या शेडला मात्र देवदाराचा वास येतो. बस्स. तिला तो वास हवा होता.

पण उमेदवार दोन. दुसरा लेलँड पार्क्स. तो असा नीटनेटका, की त्याच्या गाडीत वाळूचा कण सापडायचा नाही. हात सोन्याचे, हे मात्र खरं. मिस अर्लीननं दोघांच्या हातात देवदाराचा एकेक ठोकळा दिला आणि म्हणाली, "महिन्याभरानं शनिवारी स्पर्धा आहे, त्यात झोपलेल्या बदकांचा गट आहे. पहिल्या नंबराची निळी फीत ज्याची, बाक त्याचं. फीत दुसऱ्याच कुणाला मिळाली तर दोघंही घरी. मी काही सांगणार नाही, काही दाखवणार नाही. जा."

लेलँडनं काय केलं, बदकं कोरणाऱ्यांच्या क्लबाच्या काचेच्या कपाटातली मिस अर्लीनची जुनी झोपलेली बदकं मागून घेतली. कंपासानं मापं घेतली. चोच इतकी, मान इतकी, पाठीचा उतार इतका. सगळं वहीत. आणि आमच्याकडे सगळे हेच करतात गं! कुणालाही विचार, चांगलं बदक कसं कोरायचं? म्हणतील, मिस अर्लीनचं बदक समोर ठेव आणि तसंच कर. तिनंही पहिलं बदक म्हणे तिच्या बापानं कोरलेलं समोर ठेवून केलं होतं.

ऑड्रालाही मागायचं होतं कपाटातलं बदक, पण लेलँडनं चारही उचलून नेलेली. मग काय करते? गेली चर्चमागच्या तळ्यावर.

तळं म्हणजे एवढंसं, इकडून बोललं की तिकडे ऐकू येईल असं. एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला कबरस्तान, मध्ये एक पडलेला ओंडका, त्यावर मॅलर्ड जातीची पाच बदकं. माणसाळलेली, पाव खाऊन खाऊन गब्दुल झालेली. ऑड्रा रोज जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन बसायची, हातात सँडविच, अंगावर कारखान्याचा रबरी एप्रन. पहिल्या दिवशी तिला काय दिसलं? जवळचं एक जागं, बाकी चार झोपलेली. दुसऱ्या दिवशी? एक जागं, चार झोपलेली. तिसऱ्या दिवशी तिला स्वतःलाच झोप लागली.

चौथ्या दिवशी कंटाळून ती उठली आणि तळ्याला वळसा घालून कबरस्तानाच्या बाजूला गेली. आणि बघते तर काय! त्या टोकाचं बदक तिच्याकडे टक लावून बघतंय! ती म्हणाली, अरेच्चा, जागं झालं. परत आली चर्चच्या बाजूला. तर तेच बदक, डोळा मिटून गाढ! परत धावत तिकडे. उघडा! धावत इकडे. मिटलेला! चार फेऱ्या मारल्या बाईनं, एप्रन फडफडतोय, सँडविचमधलं हॅम पडलं. पाद्री खिडकीतून ओरडले, "ऑड्रा, हंस मागे लागलाय का?"

"नाही हो! बदक एका डोळ्यानं झोपलंय!"

पाद्रींनी खिडकी लावून घेतली.

पण खरंच होतं गं! ओळीच्या दोन्ही टोकांची बदकं, बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा, आतल्या बाजूचा मिटलेला. पहारा! मधली तिघं मात्र दोन्ही डोळे मिटून आरामात. बारा दिवस तिनं तेच बघितलं. पावसात बघितलं, धुक्यात बघितलं. टोकाचं बदक उडून गेलं की आतलं बदक टोकाचं व्हायचं, आणि त्याचा बाहेरचा डोळा उघडायचा. ती घरी येऊन नुसती नाचायची. आईला म्हणाली, "कुणालाच माहीत नाहीये गं आई हे! कुणालाच!" आई म्हणाली, "कुणाला माहीत असायला हवंय का?"

मग तिनं बदक कोरलं. मान मागे वळवलेली, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. एका बाजूला काचेचा डोळा, टपोरा. दुसऱ्या बाजूला पुट्टी भरून, वर रंग देऊन मिटलेली पापणी. ते स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून ती एकदा या बाजूनं गेली, एकदा त्या बाजूनं, आणि हसून हसून खुर्चीवरून खाली पडली. खरंच पडली, कोपर काळंनिळं आहे अजून.

आता शनिवार. अग्निशमन दलाचा हॉल. बंब बाहेर काढून उभा केलेला, आत टेबलं, कालवांच्या भज्यांचे पाव, दहा थरांचे केक, आणि मधोमध गुरांना पाणी पाजायची पत्र्याची मोठी टाकी, काठोकाठ भरलेली. टाकीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, दोन परीक्षक. एका बाजूला मिस अर्लीन. दुसऱ्या बाजूला कॅप्टन विलर्ड.

आता ही गंमत ऐक. कॅप्टन विलर्ड म्हणजे मिस अर्लीनचा आधीचा नवरा! अकरा वर्षांपूर्वी दोघं वेगळे झाले, तेव्हापासून एकमेकांशी एक अक्षर बोललेले नाहीत. पण बदकांतलं दोघांइतकं कुणाला कळत नाही, त्यामुळे परीक्षक तेच. मग क्लबानं नियम केला: ज्यानं त्यानं आपापल्या खुर्चीवर बसायचं, आपापल्या बाजूनं बघायचं, उठायचं नाही. का, तर उठून फिरायला लागले की वाटेत समोरासमोर येणार! आणि काही बोलायचं झालंच तर मध्ये चीफ मर्ल. दलाचा प्रमुख, भला मोठा माणूस, हातात माईक, कपाळावर घाम.

बदकांवर नावं नसतात, नुसते नंबर. ऑड्राचं सतरा. लेलँडचं नऊ. नऊ नंबरचं बदक पाण्यात सोडलं आणि हॉलभर "आहाऽऽ" झालं. इतकं सुंदर! जणू मिस अर्लीननंच केलेलं. ऑड्रा, कामावरून थेट एप्रनवरच आलेली, केकच्या टेबलाजवळ उभी होती, हातात काटा, आणि तो काटा तिनं इतका घट्ट धरला की वाकला.

"नंबर सतराऽऽ!"

चीफनं ते उलटं धरून पाण्यात टाकलं. तसंच टाकायचं असतं, सुलट झालं नाही तर बाद. सतरा नंबर गर्रकन सुलट झालं, एक हेलकावा घेतला आणि शांत तरंगायला लागलं. ऑड्राचा जीव भांड्यात पडला. पण दोनच सेकंद.

कॅप्टन विलर्ड म्हणाले, "चीफ, हे चुकीच्या गटात आलंय. हे जागं आहे."

मिस अर्लीन तिकडून, "चीफ, त्यांना सांगा चष्मा पुसा. हे इतकं झोपलंय की घोरेल आता."

"चीफ, त्यांना सांगा, त्या स्वयंपाक करतानाही असंच म्हणायच्या. जळत नाहीये, जळत नाहीये!"

चीफनं माईक तोंडाशी नेला, परत खाली घेतला. "मी... हे... सांगू का?"

"ऐकलंय मी," मिस अर्लीन म्हणाल्या. "त्यांना सांगा, डोळा मिटलाय."

"त्यांना सांगा, उघडा आहे. माझ्याकडे बघतंय. रागानं बघतंय."

"मग ते बदक शहाणं आहे!"

हॉल खदखदायला लागला. आणि तेवढ्यात कुणीतरी मागचं मोठं दार उघडलं, वाऱ्याचा झोत आला, आणि सतरा नंबर पाण्यावर हळूच, अगदी हळूच, गोल फिरलं.

कॅप्टन विलर्ड पुढे वाकले. "झोपलं?"

मिस अर्लीन झटकन मागे सरकल्या. "उठलं!"

"मी चुकलो, चीफ. झोपलंय."

"मी चुकले, चीफ! जागं आहे!"

कॅप्टन म्हणाले, "त्यांना सांगा, आयुष्यात पहिल्यांदा कबूल करतायत आणि तेही चुकीच्या वेळी!"

अगं, लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली! एका आजोबांच्या नाकातून गोड चहा आला. चीफनं शेवटी माईक खिशात कोंबला, बाही वर केली, आणि सतरा नंबर पाण्यातून उचलून सगळ्यांना फिरवून दाखवलं. एक डोळा उघडा. एक मिटलेला.

मग लेलँड, शांतपणे, "दुसरा काचेचा डोळा संपला वाटतं दुकानातून."

पुन्हा हशा. पण हा वेगळा हशा होता. मिस अर्लीन हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. म्हणाल्या, "ही थट्टा ज्यानं केलीय, त्यानं ती घरी करावी. सतरा बाद."

बाद! ऑड्राच्या डोळ्यांसमोरून बाक गेलं, शेड गेली, आणि नांग्यांचा ढीग पुन्हा समोर आला. नियम काय, निकालापर्यंत आपलं बदक कोणतं हे सांगायचं नाही. पण ऑड्रा ती ऑड्रा. वाकडा काटा हातात घेऊन सरळ टाकीपाशी.

"थट्टा नाहीये, मिस अर्लीन! ते तसंच झोपतं! टोकाचं बदक! बाहेरचा डोळा उघडा ठेवतं!"

"पोरी," कॅप्टन म्हणाले, "पासष्ट वर्षं मी बदकं बघतोय."

"कुठल्या बाजूनं?"

"म्हणजे?"

"पासष्ट वर्षं एकाच बाजूनं बघितलीत ना? होडीतून! खुर्चीवरून! एकदा वळसा घालून बघा ना! तळं इथेच आहे!"

आता आमच्या गावातली माणसं. कुणी म्हणालं की चला, बघून तर येऊ, की संपलं. अख्खा हॉल निघाला! हातात भज्यांचे पाव, कडेवर पोरं, पुढे ऑड्रा. पाद्री सगळ्यांना मागच्या अंगणातून येताना बघून आधी खूश झाले, मग कळलं की बदकांसाठी आलेत.

ओंडक्यावर पाच जणं होती, देवाची कृपा! आणि दुपार असल्यानं झोपलेली. मिस अर्लीन चर्चच्या काठावर उभ्या राहिल्या, कॅप्टन कबरस्तानाच्या. अर्थातच! एका काठावर कशाला उभे राहतील! दुर्बीण एकच, कॅप्टनची. मग चीफ मर्ल ती दुर्बीण घेऊन तळ्याभोवती पळायला लागले. कॅप्टन बघणार, "कबरस्तानाकडचं शेवटचं बदक, डोळा उघडा." चीफ पळत इकडे. मिस अर्लीन बघणार, "तेच बदक, मिटलेला." चीफ पळत तिकडे. "अजून उघडा." चीफ पळत इकडे. "अजून मिटलेला." पाचव्या फेरीला चीफ गवतात बसले आणि म्हणाले, "मला आग विझवायला बोलवा, पण हे नको."

आणि मग मिस अर्लीननं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडल्या, "विलर्ड! हलू नकोस! तुला आत्ता, या क्षणी, उघडा दिसतोय?"

अकरा वर्षांनी पहिला शब्द गं!

"टक्क उघडा, अर्लीन!"

"मला मिटलेला दिसतोय!"

"मग पोरगी खरं बोलतेय!"

"ते मलाही कळलं, ओरडतोस कशाला!"

लोकांनी काय टाळ्या वाजवल्या! पाव उडाले, पोरं किंचाळली, कुणीतरी ऑड्राला उचललं. पण ऐक, महत्त्वाचं इथे आहे. सगळे त्या दोघांकडे बघत होते, आणि ऑड्रा कुठे बघत होती? मधल्या बदकाकडे. टाळ्यांनी ते जागं झालं होतं, वैतागून सगळ्यांकडे बघून घेतलं होतं, आणि आता पुन्हा झोपायला लागलं होतं. दहा-एक हातांवर होतं तिच्यापासून, पण ऑड्राचे डोळे ते! आणि तिनं बघितलं, त्याचा डोळा कसा मिटला ते.

खालून वर.

कळलं का? आपली पापणी वरून खाली येते ना, पडद्यासारखी? त्याची खालची पापणी वर चढली! आपण थंडीत गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतो तशी. आणि मिटल्यावर रेघ कुठे राहिली? वर. डोळ्याच्या वरच्या कडेला.

तिनं तर आपल्या बदकाची पापणी माणसासारखी केली होती! वरून आलेली, रेघ खाली. बारा दिवस तळ्यावर बसली, पण सगळे बारा दिवस उघड्या डोळ्याच्या मागे लागली. मिटणारा डोळा मिटतो कसा, ते बघायचं राहूनच गेलं. कोरताना हातानं आपोआप जे ओळखीचं होतं तेच केलं. आपली आई झोपते, आजी झोपते, तसं.

सगळे हॉलकडे परत निघाले, गातबित. ऑड्रा मागे. तिनं आत पाऊल टाकल्या टाकल्या स्पर्धेच्या टेबलावरची बदकं बघितली. झोपलेल्या गटातली तेवीसच्या तेवीस. सगळ्यांच्या पापण्या वरून खाली! लेलँडची वरून खाली. लेलँडनं परत आणून टेबलावर ठेवलेली क्लबाच्या कपाटातली मिस अर्लीनची चार बदकं, चाळीस वर्षं सगळ्यांनी ज्यांची मापं घेतली ती, वरून खाली. सगळी बदकं अशी पापण्या खाली टाकून बसलेली, जशी चर्चमध्ये प्रार्थनेला.

मिस अर्लीन उभ्या राहिल्या. हातात निळी फीत. आणि दुसऱ्या हातात काय, माहितीये? शेडची किल्ली, लाल दोरीत ओवलेली.

"चाळीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "मला बदकाबद्दल नवीन असं कुणी काही सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. नंबर सतरा, इकडे ये."

बाकीचे टाळ्या वाजवतायत, आई रडतेय, लेलँडसुद्धा, तोंड कडू करून का होईना, टाळ्या वाजवतोय. आणि ऑड्रा केकच्या टेबलापाशी उभी. तिनं काय केलं, केकचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला आणि अख्खा तोंडात कोंबला. दहाच्या दहा थर! का, तर तोंड भरलेलं असलं की बोलता येणार नाही. असं तोंडात बोळा कोंबून ती पुढे गेली. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, ओठांवर चॉकलेट.

"काय गं, काय झालं?" मिस अर्लीन म्हणाल्या.

"म्म्म."

"घे ही."

फीत तिच्या एप्रनला टोचली. किल्ली पुढे केली. ऑड्रानं हात पुढे केला. बोटं किल्लीला लागली सुद्धा, गं! आणि तिची नजर गेली सतरा नंबरच्या मिटलेल्या डोळ्यावर.

तिनं केक गिळला. घशातून उतरताना आवाज आला, चीफला ऐकू आला.

"मिस अर्लीन, पापणी चुकलीय."

"काय?"

"माझ्या बदकाची. बदकाची पापणी खालून वर मिटते. मी आत्ता बघितलं. मी वरून खाली केलीय. आणि..." बघ, इथे थांबायचं होतं ना? इथे थांबली असती तर! "...आणि लेलँडचीही. आणि सगळ्यांचीच. आणि कपाटातल्या तुमच्या चारही."

सगळ्यांच्या माना टेबलावरच्या बदकांकडे वळल्या.

लेलँड म्हणाला, "आता हे अति झालं."

मागून कुणीतरी, "अगं बये, मिळाली ना फीत, गप्प बस की!" ती तिची आईच होती.

कॅप्टन विलर्डनं खिशातून चष्मा काढला, सतरा नंबर उचललं, खाली ठेवलं, मग नऊ नंबर उचललं. "अर्लीन," ते हळूच म्हणाले, "माझ्या माडीवर साठ बदकं आहेत. सगळी अशीच."

मिस अर्लीननं ऑड्राच्या एप्रनवरची फीत काढली. स्वतःच्या खिशात टाकली. किल्लीही टाकली. म्हणाल्या, "यंदा या गटात निळी फीत नाही. कुणालाच." आणि निघून गेल्या. दार धाडकन आपटलं.

मग काय विचारतेस! सगळे ऑड्रावर. तेवीस जणांची तेवीस बदकं, वर्षभराची मेहनत! लेलँड म्हणाला, "तुला मिळालं नसतं तर मला मिळालं असतं. तू दोघांचंही घालवलंस." आणि हे खरंच होतं. ती बाहेर आली. सतरा नंबर काखेत. रडत होती म्हणतेस? हो, रडत होती, पण रडतानाही तिला दिसलं की मिस अर्लीनच्या बुटांचे ठसे गाडीकडे गेले नव्हते. चर्चच्या मागे गेले होते.

गेली ती ठशांवरून. आणि बघते तर मिस अर्लीन, पंचाहत्तर वर्षांची बाई, चांगला निळा पोशाख घालून, तळ्याच्या काठी चिखलात पालथी पडलेली! अगदी पोटावर! हनुवटी गवतात. कॅप्टनची दुर्बीण डोळ्याला, आणि कॅप्टन स्वतः शेजारी गुडघे टेकून, तिच्या कोपराखाली आपली टोपी ठेवतायत.

"मिस अर्लीन..."

"शूऽऽ! झोपतंय ते!"

ऑड्रा शेजारी आडवी झाली. तिघं ओळीनं. बदकानं डोळा उघडला. मिटला. उघडला. मिटला.

"खालून वर," मिस अर्लीन पुटपुटल्या. "अरे देवा. खालून वर. चाळीस वर्षं मी माझ्या बापाला झोपवत होते बदकाच्या अंगात."

मग त्यांनी खिशातून लाल दोरीची किल्ली काढली आणि बदकावरची नजर न हलवता ऑड्राच्या बाजूला गवतात टाकली.

"फीत मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "तुझी पापणी चुकलीय."

"हो, मिस अर्लीन."

"लेलँडलाही बोलाव. त्याचा हात तुझ्यापेक्षा चांगला आहे आणि बघायला त्याला कुणीतरी शिकवायला हवं. रिकामं बाक एकच आहे, दोघं भांडा. सोमवारी सातला. कपाटातली चारही घेऊन ये, पापण्या खरवडायच्यात."

लेलँड आला का? आला ना! पण तिच्याशी अजून बोलत नाही, "चाकू दे" एवढंच म्हणतो. क्लबातली निम्मी माणसं तिला रस्त्यात बघून पलीकडे जातात. बाकीचे निम्मे आरशात बघून स्वतःचे डोळे मिटून उघडून बघतायत. कॅप्टन विलर्ड रोज शेडवर येतात, म्हणतात साठ बदकांच्या पापण्या खरवडायच्यात, आणि आणतात एकच, म्हणजे रोज यावं लागेल.

पण मला एक सांग, अगदी खरं खरं सांग हं. किल्ली बोटाला लागलीय, अख्खं गाव टाळ्या वाजवतंय, आई रडतेय, चूक तुझ्याशिवाय कुणाला म्हणजे कुणालाही दिसलेली नाही, आणि तोंडात केकचे दहा थर. तू काय केलं असतंस?